करवंदाची जाळी सोसायटीच्या कुंपणाला: वाढते पण फळत नाही, तेव्हा काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीने चार वर्षांपूर्वी कुंपणाच्या कडेने करवंदाची रोपं लावली. जाळ्या आता छातीएवढ्या झाल्या आहेत, हिरव्यागार आहेत. माळी दर महिन्याला कात्री मारून त्यांना सरळ रेषेत ठेवतो, पाणी रोज मिळतं, खतही मिळतं. पण फुलं नावालाच येतात आणि फळ तर एकही धरत नाही. नर्सरीने दिलेलं झाड डोंगरातलं खरं करवंदच आहे का, नवी मुंबईतल्या एका नातेवाइकांना गच्चीवर ड्रममध्ये लावता येईल का आणि फळं आलीच तर त्यांचं काय करायचं, असे आणखी तीन प्रश्न सोबत आहेत.

फळ न येण्याचं कारण प्रश्नातच आलं आहे: दर महिन्याची कात्री आणि रोजचं पाणी. करवंदाला फुलांचे गुच्छ येतात ते फांदीच्या शेंड्याला आणि शेंड्याजवळच्या पानांच्या बेचक्यात. पावसाळ्यात फुटलेली नवी फांदी हिवाळ्यापर्यंत पक्व होते आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तिच्या टोकाला पांढरी, मंद वासाची फुलं उमलतात. माळी डिसेंबरात किंवा जानेवारीत कुंपण ‘साफ’ करतो तेव्हा नेमकी हीच टोकं उडतात. मग झाड पुन्हा पालवी फोडतं, ती पालवी कोवळी असतानाच पुढची कात्री येते, आणि हे चक्र वर्षानुवर्षं चालू राहतं. झाड निरोगी दिसतं, कारण ते निरोगीच असतं. त्याला फुलायला वेळ मिळत नाही एवढंच.

यावर उपाय सोपा आहे, पण माळ्याची सवय मोडावी लागते. वर्षात मुख्य छाटणी एकदाच करायची, फळं उतरून झाल्यावर लगेच. आपल्याकडे ती वेळ मे महिन्याची अखेर ते जूनचा दुसरा आठवडा, म्हणजे पाऊस बसण्याच्या आधी. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत फार लांब गेलेले शेंडे खुडले तरी चालतात, त्याने फांद्या वाढतात आणि पुढे फुलांची टोकंही वाढतात. नारळी पौर्णिमा झाली की कात्री ठेवून द्यायची. त्यापुढे फळं उतरेपर्यंत एकही टोक कापायचं नाही. रस्त्यावर येणारी, कुणाच्या डोळ्याला लागेल अशी एखादी फांदी असेल तर ती बुडापासून काढावी, अर्ध्यातून नाही.

छाटणीची पद्धतही बदलायला हवी. पेटीसारखं सपाट, काटकोनात कापलेलं कुंपण दिसायला नेटकं असतं, पण त्यात बाहेरच्या बाजूला पानांचा दाट पडदा तयार होतो आणि आत ऊन पोचत नाही. आतल्या फांद्या वाळतात, पावसाळ्यात तिथे ओल धरून राहते आणि पिठ्या ढेकूण (पांढऱ्या पिठासारखी दिसणारी कीड) तिथेच घर करतो. त्याऐवजी दरवर्षी जूनमध्ये सगळ्यात जुन्या, जाड, राखाडी सालीच्या फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश जमिनीलगत काढा. बाकीच्यांचे फक्त शेंडे एक वीत कमी करा. तीन वर्षांत अख्खी जाळी नवी होते आणि कुंपणाला भगदाडही पडत नाही. आकार वरून किंचित अरुंद, खाली रुंद ठेवा, म्हणजे बुडाच्या फांद्यांनाही ऊन मिळतं.

छाटणी करताना कोपरापर्यंत येणारे चामड्याचे हातमोजे घाला. काटा साधा नाही. बोटभर लांब, बुडाशी हिरवा आणि टोकाला तपकिरी असतो, कधीकधी टोकाशी दुभंगलेला, आणि जोडीने येतो. तो कातडीत शिरला की टोक मोडून आत राहतं आणि जागा दोन दिवस ठसठसते. कापलेल्या फांदीतून पांढरा चीक येतो. तो हाताला लागला तर आधी खोबरेल तेलाने पुसा, मग साबण लावा. उलट केलं तर चीक घट्ट बसतो. काटेरी फांद्या कचऱ्याच्या पिशवीत भरू नका, सफाई कामगारांचे हात फाटतात. वेगळी मोळी बांधून, वर वर्तमानपत्र गुंडाळून द्या.

आता पाणी. करवंद सह्याद्रीच्या उघड्या उतारांवरचं, कातळाच्या भेगांतलं, मुरमाड जमिनीचं झाड आहे. पारसिकच्या डोंगरावर, येऊरच्या कडेला, मुरबाड आणि माळशेजकडच्या माळांवर जिथे मोठी झाडं विरळ आहेत तिथे त्याच्या जाळ्या दिसतात. चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडून वाहून जातो आणि पुढचे सात-आठ महिने थेंब नाही, अशा हवामानात ते सदाहरित राहतं. पावसाळा संपल्यावर जमीन सुकत जाते, झाडाची वाढ थांबते आणि त्या ताणातूनच फुलांचे कळे धरतात. रोज पाणी मिळालं तर वाढ थांबतच नाही. झाड पानं काढत राहतं आणि कळ्यांची वेळ निघून जाते.

म्हणून जमिनीत लावलेल्या, तीन वर्षांपुढच्या जाळीला ऑक्टोबरच्या मध्यापासून कळे दिसेपर्यंत पाणी पूर्ण बंद ठेवा. पानं थोडी मलूल, निस्तेज वाटली तरी घाबरू नका. फुलं उमलून मिरीएवढी फळं धरली की मग आठ-दहा दिवसांनी एकदा, बुडाशी भरपूर पाणी द्या. अधूनमधून थोडंथोडं शिंपडण्यापेक्षा असं खोल दिलेलं पाणी बरं. फळं धरल्यावर आज पाणी, मग तीन आठवडे कोरडं, पुन्हा एकदम पाणी असं झालं तर हिरवी फळं गळतात. कुंपणाच्या बाजूला लॉन असेल आणि तिथे रोज स्प्रिंकलर चालत असेल तर करवंदाला ताण बसूच शकत नाही. अशा ठिकाणी स्प्रिंकलरचं तोंड फिरवा किंवा लॉन आणि जाळी यांच्यात दीड फूट खोल चर काढून त्यात खडी भरा.

खताचंही तसंच आहे. युरिया अजिबात नको. मोठ्या जाळीला जूनमध्ये, छाटणीनंतर, पाच किलो कुजलेलं शेणखत किंवा सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं पक्कं झालेलं कंपोस्ट आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड पुरते. बस्स, वर्षाला एवढंच. नत्र जास्त झालं की लांबलचक मऊ फांद्या येतात, त्यांच्यावर मावा येतो आणि फूल येत नाही.

सूर्यप्रकाश मात्र भरून निघत नाही. दिवसाला निदान पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर वरच्या सगळ्या काळज्या घेऊनही फळ जेमतेमच येईल. ठाण्यातल्या नव्या संकुलांत ३०-४० मजली इमारतींच्या सावल्या पडतात, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असताना त्या आणखी लांब होतात, नेमक्या कळ्यांच्या दिवसांत. जानेवारीत एक दिवस सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता कुंपणाचा कोणता भाग उन्हात आहे ते पाहून ठेवा. फळाची अपेक्षा त्या भागाकडूनच करा. उत्तरेकडच्या सावलीतल्या भागात करवंद कुंपण म्हणून उत्तम काम करेल, फळझाड म्हणून नाही.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. करवंदाचं फूल अरुंद नळीचं असतं, त्याला लांब सोंडेचे पतंग आणि फुलपाखरं लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी डासांसाठी धूरफवारणी होते, तिने डासांसोबत हे कीटकही मरतात. फुलांच्या तीन-चार आठवड्यांत तरी कुंपणाच्या कडेला धूर मारू नका असं समितीने सांगून ठेवावं. डासांसाठी साचलेलं पाणी काढणं हा मूळ उपाय आहेच. शिवाय सगळी रोपं एकाच झाडाच्या कलमांची असतील तर फळधारणा कमी होऊ शकते. मध्ये मध्ये बियांपासून केलेली चार-पाच वेगळी रोपं असली की बरं.

नर्सरीतलं झाड कोणतं?

‘कॅरिसा’ या नावाखाली आपल्या नर्सऱ्यांत तीन वेगळी झाडं मिळतात, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं.

पहिलं आपलं डोंगरी करवंद, कॅरिसा कंजेस्टा. पानं समोरासमोर, जाडसर, वरून चकचकीत, फूल रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, फळ गोल, साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं. हिरवं, मग लाल, मग काळं होतं आणि एप्रिल-मेमध्ये पिकतं. दुसरं मोठ्या फळाचं करवंद, उत्तरेकडे करौंदा म्हणतात ते. फळ गुलाबी-पांढरं, सुपारीएवढं, आणि बाजारात पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला येतं. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन, पंत सुवर्णा या जाती यातल्या. लोणचं आणि मुरंबा यांसाठी हे चांगलं, पण झाडावरून तोडून तोंडात टाकायला आंबट. तिसरं दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ प्लम. फुलं चार-पाच सेंटिमीटरची, फळ लालभडक आणि लांबट, काटे इंग्रजी वाय अक्षरासारखे. त्याचे बुटके प्रकार बागेच्या काठाला लावतात आणि त्यांना फळ फारसं धरत नाही. तुमच्या झाडाचं फूल मोठं, पानाच्या टोकाला टोचणारी अणी आणि झुडूप चारी बाजूंनी पसरट असेल तर ते हे तिसरं असण्याची शक्यता मोठी. अशा झाडाकडून काळ्या मैनेची वाट पाहण्यात अर्थ नाही.

डोंगरी फळाची चव असूनही आकार मोठा हवा असेल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण बोल्ड’ ही जात मागा. कलम घेताना विद्यापीठाच्या किंवा कृषी खात्याच्या मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्या. रस्त्याकडेच्या गाडीवर ‘बोल्ड’ म्हणून काहीही विकलं जातं.

सोसायटीत लहान मुलं असतील तर एक धोका आधीच सांगायला हवा. करवंद, कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तगर ही सगळी एकाच कुळातली, सगळ्यांना पांढरा चीक. बिट्टीचं हिरवं, पुढे काळपट होणारं फळ जीवघेणं विषारी आहे. त्यामुळे ‘चीक आला म्हणजे करवंद’ ही ओळख मुलांना कधी शिकवू नका. काटा जोडीने आहे का, पानं समोरासमोर आहेत का, फळ गोल आणि आत बारीक चपट्या बिया आहेत का, हे तिन्ही पाहायला शिकवा. बिट्टीला काटे नसतात, पानं लांब आणि अरुंद असतात, फळात एकच टणक कोय असते. कुंपणात करवंदाशेजारी बिट्टी असेल तर ती काढून टाका.

येऊरमधून रोप खणून आणायचा विचार कुणी करत असेल तर करू नका. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून झाडं किंवा फळं आणायला मनाई आहे. शिवाय कातळात रुजलेल्या जाळीचं सोटमूळ खोल गेलेलं असतं. खणताना ते तुटतं आणि रोप बहुधा जगत नाही. मे महिन्यात ठाणे स्टेशनबाहेर, जांभळी नाक्याला, घोडबंदर रोडच्या कडेला आदिवासी बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. त्यांच्याकडून फळं घ्या, खा आणि बिया ठेवा. गोड निघालेल्या फळाच्या बिया वेगळ्या ठेवा.

बी फार दिवस टिकत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. वाळवून डबीत ठेवलेलं बी पुढच्या वर्षी उगवणार नाही. पूर्ण काळं, हाताला मऊ लागणारं फळ दाबून बिया काढा, राखेत किंवा कोरड्या रेतीत चोळून गर आणि चीक घालवा, सावलीत एक दिवस सुकवा आणि आठवड्याच्या आत पेरा. दोन भाग मुरूम किंवा लाल माती, एक भाग नदीची जाड रेती, एक भाग जुनं शेणखत असं मिश्रण पाच बाय सात इंचाच्या भोकं पाडलेल्या पिशवीत भरा. सेंटिमीटरभर खोलीवर दोन बिया टाका. दोन ते चार आठवड्यांत उगवण होते. पावसाचा मार थेट रोपावर पडू देऊ नका, पिशव्या छताखाली किंवा शेडनेटखाली ठेवा. ऑक्टोबरपर्यंत रोप वीतभर होतं आणि पुढच्या जूनमध्ये लावायला तयार. बियांच्या रोपाला पहिली फळं यायला लावल्यापासून तीन ते चार वर्षं लागतात.

आवडलेल्या झाडाचीच नक्कल हवी असेल तर गुटी कलम करा. जून-जुलैमध्ये पेन्सिलीएवढी जाड, गेल्या वर्षीची फांदी निवडा, अडीच-तीन सेंटिमीटर साल गोलाकार काढा. पुष्कळजण इथेच घाई करतात: चीक वाहत असतानाच शेवाळ बांधतात, चिकाचा थर साकळतो आणि मूळ फुटण्याऐवजी साल पुन्हा जुळते किंवा भाग कुजतो. चीक फडक्याने पुसत राहा, अर्धा-पाऊण तास थांबा, लाकडावरचा निसरडा थर सुरीच्या पाठीने खरवडा. मग मुळं फुटण्याची पावडर वरच्या कडेला लावून ओलं, पिळलेलं शेवाळ मुठीएवढं बांधा आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक दोन्हीकडे घट्ट. दोन-अडीच महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. फांदी एकदम तोडू नका. आधी गुटीखाली अर्धी खाच द्या, दहा दिवसांनी पूर्ण कापा, पिशवीत लावून महिनाभर सावलीत ठेवा. साध्या कांड्या खोचून करवंद लागतं असं ऐकाल, पण त्यात यशाचं प्रमाण फारच कमी.

नव्याने लावताना

कुंपणासाठी दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल चर घ्या, भिंतीपासून किमान तीन फूट आणि पायवाटेपासून चार फूट दूर. मुलांच्या खेळण्याच्या जागेला लागून लावू नका. झाडांत दोन फूट अंतर पुरतं. दाट कुंपण हवं असेल तर दोन रांगा नागमोडी लावा. नवी मुंबईत बऱ्याच भूखंडांची जमीन खाडी भरून केलेली आहे आणि इमारतीच्या आवारात वरच्या फूटभर मातीखाली राडारोडा, सिमेंटचे गोळे, विटा निघतात. खारेपणा करवंद बऱ्यापैकी सोसतं. साचलेलं पाणी सोसत नाही. चर खणल्यावर त्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहा. चार तासांनीही पाणी दिसत असेल तर चर सोडून द्या आणि जमिनीवर दीड फूट उंच वरंबा करून त्यावर लावा. सिमेंटचा राडा जितका निघेल तितका काढा, कारण त्याच्या चुन्यामुळे नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तसं झालंच तर चिलेटेड लोहाची फवारणी तात्पुरती उपयोगी पडते, पण मूळ इलाज माती बदलणं हाच.

लागवड पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. रोप लावलं की लगेच ३० सेंटिमीटरवर शेंडा मारा. पुष्कळांना हे जिवावर येतं, पण न मारलं तर रोप दोन काड्यांनी उंच जातं आणि कुंपणाचं बूड कायमचं उघडं राहतं. दुसऱ्या वर्षी दोन फुटांवर, तिसऱ्या वर्षी तीन फुटांवर. पहिले दोन उन्हाळे मात्र आठवड्यातून दोनदा पाणी हवंच. ताण देण्याची गोष्ट तीन वर्षांनंतरची. पाच-सहा वर्षांची, भरपूर उन्हातली एक जाळी हंगामाला दोन ते चार किलो फळ देऊ शकते.

रोग-किडी फार नाहीत. पिठ्या ढेकणावर पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला पाच मिलि निंबोळी तेल आणि चमचाभर पातळ साबण असं दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. तगर-कण्हेरीवर दिसणारी ती जाड हिरवी, डोळ्यांसारखे निळे ठिपके असलेली अळी करवंदावरही चढते, ती हाताने वेचावी. ऑगस्टमध्ये शेंड्याकडून फांद्या काळ्या पडत वाळत आल्या तर ती दाटी आणि ओलीची खूण. वाळक्या भागाच्या खाली चार बोटं हिरव्यात कापा आणि एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मारा.

गच्चीवर

येतं, आणि चांगलं येतं, कारण ड्रममध्ये ताण देणं आपल्या हातात असतं. २०० लिटरचा निळा ड्रम आडवा पाडून नाही, उभा ठेवून मधोमध कापा, म्हणजे दोन खोल कुंड्या होतात. बुडाला अंगठ्याएवढी आठ भोकं, वर तीन इंच विटांचे तुकडे, मग बियांसाठी सांगितलेल्या मिश्रणातच मुरमाचं प्रमाण थोडं वाढवून भरा. निव्वळ कोकोपीट आणि कंपोस्ट घालू नका, ते पावसात चिखल होतं आणि उन्हाळ्यात दगड. असा भरलेला, भिजलेला ड्रम दीडशे किलोच्या आसपास जातो. तो बीमच्या किंवा खांबाच्या वर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको, आणि खाली चार विटा, म्हणजे पाणी वाहून जाईल व वॉटरप्रूफिंग तपासता येईल. एका गच्चीवर एकच ड्रम लावण्यापेक्षा दोन-तीन लावा. नोव्हेंबर ते जानेवारी आठ-दहा दिवसांनी एकदाच पाणी, फळं धरल्यावर दोन दिवसांआड, मे महिन्यात रोज सकाळी. दर तीन वर्षांनी जूनमध्ये कडेची चार बोटं माती आणि त्यातली मुळं कापून काढून नवी माती भरा. हे टाळलं की चौथ्या वर्षी पाणी वरून घातलं तसं कडेने निघून जातं आणि झाड उपाशी राहतं.

बुलबुल फळं तुमच्या आधी शोधतील. जाळी टाकायचीच असेल तर बारीक छिद्रांची, ताणून बांधलेली टाका. सैल नायलॉनच्या जाळीत पक्षी अडकून मरतात. मला विचाराल तर वरच्या फांद्यांची फळं त्यांना सोडावीत.

फळं आल्यावर

तोडणी तीन टप्प्यांत होते आणि प्रत्येक टप्प्याचा उपयोग वेगळा. होळीनंतर महिनाभराने फळ हिरवं, कडक, बी अजून मऊ असतं. ते लोणच्याचं आणि चटणीचं. लाल, अर्धं पिकलेलं फळ जेलीचं, कारण पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा घटक, त्यात भरपूर असतं. काळं फळ खायचं आणि सरबताचं. काळ्या फळाचं देठ ओढताच सहज सुटलं पाहिजे. ओढावं लागलं तर ते अजून आंबट आहे आणि देठाशी चीक ओठांना चिकटेल. फोडल्यावर आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी, हा खेळ मुलांना जरूर शिकवा. वळवाचा मोठा पाऊस झाला की काळी फळं पाणचट होतात आणि त्यांत अळ्या दिसू लागतात, म्हणून पावसाचा अंदाज आला की पिकलेली सगळी उतरवून घ्यावीत.

लोणच्यासाठी एक किलो हिरवी करवंदं देठ काढून, लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून तीन-चार तास बुडवा. चीक घट्ट होऊन सुटतो. उपसून रात्रभर कापडावर पसरा, थेंबभर पाणीही राहू देऊ नका. पाट्यावर किंवा खलबत्त्यात एकेक हलकं ठेचा, फळ फुटलं पाहिजे पण चेंदामेंदा नको. बी कडक झालं असेल तर काढा. १५० ग्रॅम मीठ आणि दोन चमचे हळद लावून बरणीत एक दिवस, मधून मधून हलवत. दुसऱ्या दिवशी ८० ग्रॅम मोहरीची डाळ, ६० ग्रॅम तिखट, चमचाभर मेथी तळून केलेली पूड, चमचाभर हिंग. ३०० मिलि तेल धूर निघेपर्यंत तापवून पूर्ण गार करून ओता. दहा-बारा दिवसांत मुरतं. तेल फळांच्या वर बोटभर राहिलं पाहिजे, कमी वाटलं तर आणखी तापवून गार करून घाला. लोणचं काळं पडलं तर लोखंडी सुरी किंवा भांडं वापरलं गेलं. कडू लागलं तर मेथी करपली, किंवा करवंदं मिक्सरमध्ये फिरवल्याने बिया भरडल्या गेल्या. बुरशी आली तर पाणी राहिलं.

चटणी त्याच दिवशीची: वाटीभर हिरवी करवंदं ठेचून बिया काढलेली, अर्धी वाटी ओलं खोबरं, चार हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, जिरं, मीठ आणि सुपारीएवढा गूळ. गूळ वगळू नका, त्याशिवाय आंबटपणा दाताला लागतो. आमटीत चिंचेऐवजी सात-आठ ठेचलेली करवंदं घातली तरी छान लागतात.

सरबतासाठी एक किलो काळी करवंदं आणि अर्धा लिटर पाणी स्टीलच्या जाड बुडाच्या भांड्यात दहा मिनिटं उकळा. अॅल्युमिनियम नको. पाण्याच्या पातळीवर भांड्याच्या कडेला रबरासारखी रेघ धरते, तो चीक आहे. अपायकारक नाही, भांडं रिकामं झाल्यावर तेलाचं बोट फिरवलं की निघतो. फळं लाकडी डावाने दाबा आणि पिठाच्या चाळणीतून गाळा. इथेही मिक्सर वर्ज्य. एक लिटर रसाला सव्वा किलो साखर, विरघळून एक उकळी, वरचा फेस काढा, गरम असतानाच उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत भरा. फ्रीजमध्ये तीन-चार महिने राहतं. एक भाग सिरप, चार भाग गार पाणी, चिमूट सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड. लिंबाची गरज नाही.

जेली थोडी कौशल्याची आहे. एक किलो लाल आणि अर्धा किलो काळी फळं, बुडतील इतकंच पाणी, मंद आचेवर वीस मिनिटं. मग स्वच्छ मलमलीत बांधून रात्रभर टांगून ठेवा आणि फडकं पिळायचा मोह आवरा, पिळलं की जेली गढूळ होते. लिटरभर रसाला पाऊण किलो साखर घालून मोठ्या आचेवर उकळा. साखरेचा थर्मामीटर असेल तर १०५ अंश सेल्सिअसला उतरवा. नसेल तर फ्रीजमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाका, मिनिटाने बोटाने ढकलल्यावर त्यावर सुरकुती पडली की झाली. बाहेरून पेक्टिन घालावं लागत नाही. जेली जमली नाही तर बहुधा सगळी फळं काळीच होती, किंवा पाणी जास्त झालं. अशी पातळ राहिलेली जेली फेकू नका, तीच आइसक्रीमवर घालायला वापरा.

केकवर आणि पानात मिळणारी लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा बी काढून, रंग देऊन पाकवलेलं करवंदच असतं. घरी ते करण्यात फार वेळ जातो आणि डोंगरी करवंदाचं लहान फळ त्याला योग्य नाही, मोठ्या गुलाबी जातीचं लागतं.

काळी करवंदं घरात एक-दोन दिवस टिकतात, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. न धुता ठेवा, खाताना धुवा. जास्त असतील तर धुऊन, पूर्ण सुकवून, ताटात एका थरात गोठवा आणि मग पिशवीत भरा, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. गोठवलेली फळं सरबताला उत्तम, कारण पेशी फुटल्याने रस लवकर सुटतो. जेलीला आणि लोणच्याला मात्र ताजीच लागतात.